कण कोणता, पेशी कुणाची?

सिलिकाचे, म्हणजे वाळूतल्या मुख्य घटकाचे, नॅनोकण (मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही बारीक कण) माणसाच्या निरोगी पेशींना सुरक्षित आहेत की घातक, हा प्रश्न आता प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. जळगाव-धुळ्याच्या कृषी सेवा केंद्रांत नॅनो सिलिकाच्या बाटल्या आल्या, मसाल्याच्या पाकिटामागचा बारीक मजकूर मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठा करून वाचायची सवय घराघरांत लागली आणि कॉलेजांच्या चर्चासत्रांत ‘नॅनो’वरचा एक तरी निबंध ठरलेला झाला. त्याबरोबर वादही गावोगाव पोचला. एका बाजूचे लोक म्हणतात, पाकिटावर ‘५५१’ हा अन्नात मिसळलेल्या पदार्थाचा क्रमांक दिसला की समजा आत सिलिका आहे. सिलिकानेच खाणकामगारांची फुप्फुसं निकामी होतात, मग ती लेकरांच्या पोटात कशी घालायची? दुसऱ्या बाजूला बहुधा विकणारे असतात. ते बाटली पुढे करून सांगतात, ‘वाळूच शे ना भाऊ ती!’ तापी-गिरणेच्या पात्रात पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या वाळूला घाबरायचं काय? तिसरा आवाज शिकलेल्यांचा. त्यांचं म्हणणं, हे कण कॅन्सरच्या पेशी मारतात आणि निरोगी पेशींना धक्काही लावत नाहीत हे सिद्ध झालेलं आहे, तेव्हा विषय संपला.

विषय संपलेला नाही, कारण तिघेही सिलिका ही एकच वस्तू धरून बोलताहेत. माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. सिलिकाचे नॅनोकण सरसकट सुरक्षित नाहीत आणि सरसकट घातकही नाहीत. कण कसा बनवला, त्याचा पृष्ठभाग कसा आहे, तो किती मात्रेत, कोणत्या वाटेने शरीरात जातो आणि कोणत्या पेशीला जाऊन भिडतो, हे सांगितल्याशिवाय दोन्ही दावे पोकळ आहेत. हे उत्तर टाळणं नव्हे. हे तपशील हाती असले तर बऱ्याच बाबतींत आज ठाम उत्तर देता येतं. ते तपशील मागायचा हक्क आपण वापरत नाही आणि नुसत्या नावावरून भांडत बसतो, याचं मला वाईट वाटतं.

भीती बाळगणाऱ्यांची बाजू आधी घेतो, कारण ती पोकळ नाही. नंदुरबारच्या सीमेला लागून असलेल्या अलिराजपूर आणि पलीकडच्या झाबुआ, धार जिल्ह्यांतले आदिवासी मजूर गुजरातेत गोध्रा-बालासिनोरकडच्या क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीचा दगड दळणाऱ्या कारखान्यांत पोटासाठी गेले आणि धाप घेऊन परतले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ते पैसे देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाकडून यायला २०१६ उजाडलं. सातपुड्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे लोक नात्यागोत्याने बांधलेले आहेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाला सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार, काय असतो हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये श्वासावाटे जाणारी क्वार्ट्झ आणि क्रिस्टोबलाइट या स्फटिकी रूपांतली सिलिका माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकली. तेव्हा ‘सिलिका’ म्हटल्यावर ज्याच्या छातीत धस्स होतं त्याला अडाणी म्हणणं हा अन्याय आहे.

पण त्याच संस्थेने त्याच वेळी अस्फटिकी, म्हणजे अणूंची ठरावीक रचना नसलेली, सिलिका तिसऱ्या गटात ठेवली, म्हणजे तिच्याबाबत कर्करोगाचा निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही असं सांगितलं. मसाल्यातली सिलिका, टूथपेस्टमधली सिलिका, औषधाच्या गोळीतली सिलिका आणि बहुतेक सगळे कृत्रिम नॅनोकण याच अस्फटिकी प्रकारातले. रासायनिक सूत्र एकच, पण अणूंची मांडणी वेगळी, आणि शरीरातला मुक्कामही वेगळा. अस्फटिकी सिलिका एक लिटर पाण्यात साधारण १०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळते. क्वार्ट्झ जेमतेम १०. विरघळलेल्या सिलिकेचं सिलिसिक आम्ल होतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंदरांना १३ आठवडे दोन्ही प्रकारांच्या सिलिकेची धूळ मिसळलेली हवा दिली होती. अस्फटिकी सिलिका क्रिस्टोबलाइटपेक्षा कितीतरी जास्त मात्रेत दिली होती, तरी तिने आलेली फुप्फुसांची सूज पुढच्या आठ महिन्यांत ओसरली. क्रिस्टोबलाइटची सूज मात्र हवा बंद केल्यावरही चालूच राहिली. हा फरक बारीकसारीक नाही. एकात माणूस बरा होतो, दुसऱ्यात काम सोडल्यानंतरही आजार वाढत जातो.

इथे थांबलो तर विकणाऱ्यांना आनंद होईल, म्हणून पुढचंही सांगतो. त्या उंदरांना अस्फटिकी सिलिकेनेही आधी सूज आलीच होती. आणि स्फटिकी तेवढी वाईट, अस्फटिकी तेवढी चांगली ही वाटणीसुद्धा आता पुरत नाही. सिलिकाच्या पृष्ठभागावर सिलॅनॉल नावाचे गट असतात. ते एकमेकांशी घट्ट जोडलेले असले तर पेशीला फारसा त्रास नसतो. ते एका विशिष्ट अंतरावर, जवळजवळ सुटे राहिले तर कण पेशीच्या पटलाला चिकटतो आणि ते फाडतो. दळताना फुटलेल्या क्वार्ट्झवर असे सुटे गट तयार होतात, हे २०२० मध्ये इटलीतल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या कामात दिसलं; भट्टीच्या आगीत बनलेल्या अस्फटिकी सिलिकेलाही तोच नियम लागू पडला. आगीत बनलेली सिलिका आणि अल्कोहोल-पाण्याच्या द्रवात, १९६८ सालच्या श्टोबर पद्धतीने, बनवलेली सिलिका दोन्ही अस्फटिकीच, पण पेशीशी त्यांची वागणूक सारखी नसते. म्हणजे बाटलीवर ‘अस्फटिकी’ छापलं म्हणून प्रश्न मिटला नाही. कशी बनवली, हेही विचारावं लागतं.

भीतीचं आणखी एक नुकसान मला जास्त टोचतं. पाकिटावरच्या ५५१ वर तावातावाने बोलणारी मंडळी ज्या रस्त्याने घरी जातात, त्या रस्त्यावर ओट्याचा दगड कापणारा पोरगा उकिडवा बसलेला असतो. हातात ग्राइंडर, तोंडाला ओला न केलेला रुमाल, पाण्याची धार नाही. पातं दगडाला टेकलं की पांढरा लोट उठतो आणि त्याच्या पापण्यांवर, भुवयांवर बसतो. तो दगड क्वार्ट्झपासून बनवलेला कृत्रिम दगड असेल तर त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त स्फटिकी सिलिका असू शकते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा दगड बनवणं, विकणं, बसवणं बंद केलं, कारण ओटे कापणारे तरुण कामगार सिलिकोसिसने मरू लागले होते. इथे क्वार्ट्झ आहे, ताजं फुटलेलं आहे, श्वासावाटे जातं आहे आणि रोज जातं आहे. चारही उत्तरं वाईट. भुसावळजवळच्या दीपनगरच्या राखेबाबतही प्रश्न हाच विचारायला हवा. कोळशाच्या राखेतली बरीचशी सिलिका काचेसारखी असते, थोडी क्वार्ट्झ असते; राख ओली राहिली तर एक गोष्ट, उन्हाळ्यात वाऱ्याने उडाली तर दुसरी. उलट आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, त्यात सुटं क्वार्ट्झ फारसं नसतं; म्हणून आपल्या खडी क्रशरची धूळ आणि गोध्र्याची धूळ एक मानता येत नाही. दोन्ही धुळींपासून माणूस वाचवायचाच, पण कोणत्या धुळीने किती वर्षांत काय होतं याचं गणित वेगळं. सिद्ध झालेला मारेकरी ग्राइंडरखाली मोकळा सुटला आहे, आणि आपण मिठाच्या बरणीपाशी पहारा देतो आहोत.

आता वाळूवाल्यांकडे येतो. त्यांच्या म्हणण्यातला जोरकस भाग हा, की सिलिका आपण कायमच खात आलो आहोत. दादर, म्हणजे खान्देशातली रब्बी ज्वारी, कापून आलेल्या बाईचे हात पाहा: मनगटापासून कोपरापर्यंत बारीक लाल ओरखडे असतात. ज्वारीच्या पानाची कड इतकी धारदार असते त्यामागे सिलिका आहे. गवताच्या कुळातली पिकं जमिनीतलं विरघळलेलं सिलिकॉन शोषतात आणि पानात, खोडात, तुसात अस्फटिकी सिलिका साठवतात. ज्वारी, बाजरी, गहू, भात, ऊस या सगळ्यांत ती आहे; विहिरीच्या पाण्यातही विरघळलेली आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ५५१ ची पुन्हा छाननी केली आणि २०२४ मध्ये सांगितलं की सध्याच्या वापरात, अगदी तान्ह्या बाळांसह, चिंतेचं कारण नाही. याच संस्थेने २०२१ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडला, म्हणजे १७१ क्रमांकाच्या पांढऱ्या रंगाला, सुरक्षित म्हणता येणार नाही असं सांगितलं होतं आणि पुढच्या वर्षी युरोपने तो अन्नातून काढला. नकार देण्याची हिंमत असलेल्या संस्थेने दिलेला होकार मी गांभीर्याने घेतो. मसाल्याच्या, दुधाच्या भुकटीच्या पाकिटातल्या ५५१ ला घाबरून कुणी झोप उडवून घेऊ नये, असं माझं स्वच्छ मत आहे.

पण पोटाला मिळालेला हा दाखला फुप्फुसाला आणि रक्ताला कसा चालेल? विकणाऱ्यांची लबाडी इथे सुरू होते. वाळूचा दाणा आणि नॅनोकण यांच्यात फक्त लहानमोठेपणाचा फरक नाही. आगीत बनलेल्या एक ग्रॅम नॅनोसिलिकेचा पृष्ठभाग २०० चौरस मीटर भरू शकतो, म्हणजे जवळपास दोन गुंठे. औषध भरण्यासाठी बनवलेल्या सच्छिद्र सिलिकेच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो. म्हणजे दहा गुंठे, पाव एकर. पेशीशी जे काही घडतं ते या पृष्ठभागावर घडतं. बेल्जियममधल्या संशोधकांनी २००९ मध्ये रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर वेगवेगळ्या आकारांचे कण तपासले, तेव्हा वजन तेवढंच ठेवूनही बारीक कण जास्त घातक ठरले. चमचाभर वाळूत बसून चमचाभर नॅनोकणांची ग्वाही कुणी देत असेल तर त्याला पृष्ठभागाचं गणित विचारा.

आणि वाट? सच्छिद्र सिलिका उंदरांच्या कातडीखाली टोचली तेव्हा फारसं काही बिघडलं नाही. तीच शिरेत आणि पोटाच्या पोकळीत मोठ्या मात्रेत दिली तेव्हा उंदीर मेले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात प्राणी तोच, कण त्याच जातीचे, बदललेली मुख्य गोष्ट म्हणजे वाट. जपानमध्ये २०११ साली गाभण उंदरिणींच्या शिरेत ७० नॅनोमीटरचे सिलिकाकण सोडले, तर ते वारेत आणि गर्भात पोचले आणि गर्भाची वाढ खुंटली. ३०० आणि १००० नॅनोमीटरच्या कणांनी तसं झालं नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ७० नॅनोमीटरच्याच कणांचा पृष्ठभाग रासायनिक गट जोडून बदलल्यावर नुकसान टळलं. भीती घालणारे या प्रयोगाचा पहिला अर्धा भाग सांगतात, विकणारे दुसरा. दोन्ही अर्धे एकत्र वाचले की मगच त्यातून काही शिकता येतं.

अन्नाच्या वाटेतही एक वळण आहे. हॉलंडमधल्या प्रयोगात पचनाची नक्कल केली तेव्हा जठराच्या आम्लात नॅनोकणांचे गठ्ठे झाले, म्हणजे नॅनो काही उरलं नाही असं वाटलं. पुढे आतड्यासारख्या द्रवात गेल्यावर ते गठ्ठे सुटले आणि नॅनोकण परत दिसले. यावरून ५५१ वाईट ठरत नाही. ‘पोटात गेल्यावर सगळं एकच’ हे वाक्य मात्र खोटं ठरतं.

शेतात तर वाट बदलतेच बदलते. पिकावर सिलिका फवारल्याने पान कणखर होतं, किडीला पान खाणं जड जातं, हे मी नाकारत नाही. पण बाटली विकताना सुरक्षितता सांगितली जाते ती पीक खाणाऱ्याची. फवारणाऱ्याची कोण सांगणार? २०१७ साली यवतमाळमध्ये कीटकनाशक फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ती कीटकनाशकं होती, सिलिका नव्हे, आणि मी त्यांची बरोबरी करत नाही. मी एवढंच दाखवतो आहे की पंप पाठीवर घेतलेल्या मजुराच्या नाकातोंडाचा विचार तिथेही पुरेसा झाला नव्हता. नॅनो सिलिकेच्या बाटलीवर ‘पाण्यात कालवताना आणि फवारताना तोंडाला कोणता मास्क हवा’ हे स्पष्ट नसेल, तर ‘शंभर टक्के सुरक्षित’ हे शब्द त्या बाटलीवर छापायचा अधिकार कुणालाच नाही.

तिसरा दावा सगळ्यात आकर्षक आणि म्हणूनच सगळ्यात जपून पाहण्यासारखा आहे: कण कॅन्सरला मारतो, निरोगी पेशीला सोडतो. खान्देशात ज्या घरातून कुणी तोंडाच्या किंवा गर्भाशयाच्या कॅन्सरसाठी मुंबईला टाटात वाऱ्या केल्या आहेत, त्या घराला हे वाक्य किती गोड लागत असेल! केमोथेरपीत केस जाणं, ओकाऱ्या, रक्तातल्या पेशी कमी होणं, हे बरंचसं निरोगी पेशींना मार बसल्यामुळे होतं. ते टाळणारं औषध यावं असं कुणाला वाटणार नाही? आणि हे स्वप्न हवेतलं नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात बनवलेल्या सहा-सात नॅनोमीटरच्या सिलिकाकणांना माणसावर पहिल्या चाचणीची परवानगी २०११ मध्ये मिळाली. मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या पाच रुग्णांवरचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. कणांमुळे गंभीर त्रास दिसला नाही आणि कण मूत्रपिंडातून बाहेर पडले. सिलिकाच्या गाभ्यावर सोन्याचा पातळ थर दिलेले कण शिरेत सोडून, लेझरने तापवून प्रोस्टेटची गाठ जाळण्याचा प्रयोग सोळा पुरुषांवर झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. हे काम खरं आहे आणि मला त्याबद्दल आदर आहे.

पण यातून ‘सिलिका निरोगी पेशी ओळखून सोडते’ असं निघत नाही. कणाला तशी समज नसते. त्याच्या अंगावर काय चढवलं, आत काय भरलं आणि ते कुठे सुटेल अशी सोय केली, त्यावर सगळं ठरतं. उघड्या सिलिकाकणांची गोष्ट तर उलटीच निघाली आहे. २००७ सालच्या एका अभ्यासात जास्त मात्रेला सावकाश वाढणाऱ्या निरोगी तंतुपेशी भराभर वाढणाऱ्या कॅन्सरपेशींपेक्षा जास्त संख्येने मेल्या. कारण समजण्यासारखं आहे. कॅन्सरची पेशी वारंवार दुभंगते आणि गिळलेले कण दोन लेकींत वाटले जातात, मग चार, मग आठ. निरोगी पेशी इतक्या घाईने दुभंगत नाही. तिच्यात शिरलेलं ओझं तिच्यातच राहतं. मग नवीन कणांच्या पहिल्या चाचण्या कोणत्या पेशींवर होतात? पुष्कळदा हीला या पेशींवर, ज्या १९५१ साली अमेरिकेतल्या एका बाईच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून घेतल्या आणि आजवर वाढतच आहेत, किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरपासून मिळालेल्या पेशींवर. त्या स्वस्त, चिवट आणि हाताशी असतात म्हणून. कॅन्सरच्या पेशी टिकल्या म्हणून कण निरोगी पेशीला सुरक्षित, हा निष्कर्ष कसा काढायचा?

शिरेवाटे दिलेले कण जातात तरी कुठे? कॅनडातल्या संशोधकांनी दहा वर्षांतले अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये हिशेब मांडला: टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणारा वाटा मध्यक (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) धरला तर ०.७ टक्के. म्हणजे शंभरातले नव्व्याण्णव कण गाठीबाहेर, मुख्यतः यकृतात आणि प्लीहेत, निरोगी पेशींच्या पदरात पडतात किंवा बाहेर टाकले जातात. हा आकडा सगळ्या प्रकारच्या नॅनोकणांचा आहे, एकट्या सिलिकेचा नाही. तरी तो डोळ्यांसमोर ठेवला की निरोगी पेशीचा प्रश्न संशोधनाच्या शेवटी दोन ओळींत उरकायचा नाही, सुरुवातीलाच धरायचा आहे, हे पटतं.

चाचणी कशी घेतली यावर निकाल किती फिरतो, ते एका साध्या परीक्षेत दिसतं. रक्त घ्यायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तांबड्या पेशी वेगळ्या करायच्या, मिठाच्या पाण्यात दोन-तीनदा धुवायच्या आणि त्यात सिलिकाचे कण घालून नळी ३७ अंशांवर ठेवायची. मग पुन्हा फिरवायची. पेशी शाबूत असतील तर तळाशी लाल गोळी बसते आणि वर पाणी नितळ राहतं. पेशी फुटल्या असतील तर नळीतलं सगळं पाणी लालभडक होतं. उघड्या सच्छिद्र नसलेल्या सिलिकाकणांनी ते बऱ्याचदा होतं. आता तेच कण, तीच मात्रा, फक्त थोडा रक्तद्रव घाला. पाणी पुष्कळच नितळ राहतं, कारण रक्तातल्या प्रथिनांनी कणावर वेष्टन चढवलं आणि त्याचे सुटे गट झाकले गेले. आता सांगा, कण घातक की सुरक्षित? ज्याला घाबरवायचं आहे तो पहिली नळी दाखवील, ज्याला विकायचं आहे तो दुसरी. पेशी जिवंत आहेत का हे रंगावरून मोजणारी एमटीटी नावाची जी चाचणी सर्रास वापरतात, तिच्यात सच्छिद्र सिलिका स्वतःच रंगाचा हिशेब बिघडवू शकते. म्हणून एका चाचणीच्या एका आलेखावर ‘जैवसुसंगत’ असा शिक्का मारणारे निबंध वाचताना मला धास्ती वाटते. पदवीच्या घाईत असलेल्या मुलांना मी दोष देत नाही. आपल्या भागातल्या मार्गदर्शकांनी दोन्ही नळ्या लावायला सांगावं, एवढं तर मागू शकतो.

यावर सर्वात गंभीर आक्षेप असा: इतक्या अटी असतील तर सगळं नक्की होईपर्यंत हे कण माणसाच्या जवळ येऊच देऊ नयेत. इतिहास असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने आहे. १९३० च्या सुमारास थोरोट्रास्ट नावाचं औषध आलं. थोरियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण शिरेत सोडायचे आणि एक्स-रेत रक्तवाहिन्या लख्ख पाहायच्या. टोचल्यावर रुग्णाला काहीच त्रास व्हायचा नाही. विसाहून अधिक वर्षं ते लाखो लोकांना दिलं गेलं. कण यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसले, जन्मभर तिथेच किरणोत्सर्ग करत राहिले आणि दोन-तीन दशकांनी यकृताचे कर्करोग होऊ लागले. निरोगी पेशींवरचा परिणाम आज दिसला नाही म्हणजे नाहीच, असं मानणाऱ्याने थोरोट्रास्ट विसरू नये. अ‍ॅस्बेस्टॉसची कथाही हीच, अधिक लांबलेली.

पण थोरोट्रास्टने नेमकं काय शिकवलं? सगळे सूक्ष्म कण वाईट, असं त्याने शिकवलं नाही. कण बाहेर पडतो का, तो किती काळ राहतो आणि राहिला तर काय करतो, हे टोचण्याआधी विचारायचं असतं, हे शिकवलं. थोरियम किरणोत्सर्गी आहे हे तेव्हाही माहीत होतं. कण निघून जात नाहीत हेही कळलं होतं. अस्फटिकी सिलिका किरणोत्सर्गी नाही, विरघळते आणि निघते. म्हणून तिची वाट पूर्ण बंद करण्याचं कारण मला दिसत नाही. मात्र पाच आणि सोळा रुग्णांच्या चाचण्यांवरून वीस वर्षांनंतरचं यकृत कसं असेल ते सांगता येत नाही, हेही तितकंच खरं. औषध म्हणून जे कण येतील त्यांच्या रुग्णांची नोंद वर्षानुवर्षं ठेवली पाहिजे, आणि ती नोंद ठेवण्याचा खर्च कंपनीच्या माथी मारला पाहिजे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये नॅनो औषधांसाठी आणि २०२० मध्ये नॅनो शेती-निविष्ठा व अन्नपदार्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रत्येक कण वेगळा तपासावा हे तत्त्व सरकारी कागदावर आलेलं आहे. ते दुकानाच्या काउंटरपर्यंत उतरलेलं नाही.

‘हे सगळं सामान्य शेतकऱ्याला कसं कळणार?’ हा आक्षेप मी सगळ्यात जास्त वेळा ऐकतो आणि तो मला मुळीच मान्य नाही. जळगाव जिल्ह्यात केळीच्या बागेत ठिबकचा सँड फिल्टर बसवताना शेतकरी विचारतो की आतली वाळू कोणत्या जाडीची आहे, कारण जाडी चुकली की गाळ पुढे जातो आणि ड्रिपर तुंबतात. पाण्याचा क्षार, खताची मात्रा, पीपीएम हे शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. वाळू आणि वाळूत फरक असतो हे ज्याला धंद्यामुळे माहीत आहे, त्याला सिलिका आणि सिलिकेतला फरक कळणार नाही असं म्हणणं म्हणजे न सांगण्याची सोय लावणं. बाटलीवर कणाचा आकार, बनवण्याची पद्धत, पृष्ठभागावर लेप आहे की नाही, आणि फवारणाऱ्याने घ्यायची काळजी, एवढं मराठीत छापायला किती जागा लागते?

न सांगितल्याने काय होतं ते रेशनच्या तांदळात दिसलं. लोह मिसळलेले दाणे तांदळात आले आणि गावोगाव ‘प्लास्टिकचा तांदूळ’ अशी हूल उठली. तांदळात प्लास्टिक नव्हतं. पण हूल खोडताना अधिकारी ‘खा, काही होत नाही’ एवढंच म्हणत राहिले. लोहाच्या बाबतीत सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांच्या रुग्णांचा प्रश्न वेगळा आहे. तसा इशारा पाकिटावर छापण्याचा नियमही होता, तो पुढे काढला गेला. सिकलसेल म्हणजे आपल्या सातपुड्यातला, नंदुरबारच्या भिल्ल-पावरा पाड्यांतला आजार. त्या घरांना जे वाक्य सांगायला हवं होतं, ते हुलीच्या गदारोळात कुणी सांगितलंच नाही.

म्हणून निरोगी पेशीचा प्रश्न मी खान्देशात उभा राहून वेगळ्या रीतीने विचारतो. सिलिकाकणांनी तांबड्या पेशी फुटतात का, याची नळीतली परीक्षा बहुधा सशक्त रक्तदात्याच्या रक्तावर होते. सिकलसेलचा एकच जनुक असलेला माणूस बहुधा आयुष्यभर धडधाकट असतो, मजुरीला जातो, पंप पाठीवर घेतो, कुठल्याही व्याख्येने निरोगी असतो. त्याच्या तांबड्या पेशी वेगळ्या आहेत. दोन जनुक असलेल्या पोराच्या तर आणखीच वेगळ्या, मुळातच लवकर फुटणाऱ्या. जे कण उद्या इंजेक्शनमधून या भागात येणार आहेत, त्यांच्या सुरक्षिततेच्या कागदावर या रक्ताचा रकाना असलाच पाहिजे. त्यासाठी परदेशी यंत्रं लागत नाहीत. सेंट्रिफ्यूज, ३७ अंशांची पेटी आणि रंग मोजायचं यंत्र उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात आहे, जळगाव-धुळ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत आहे. २०२३ पासून राष्ट्रीय मोहिमेत सिकलसेलची तपासणी पाड्यापाड्यावर चालू आहे, म्हणजे कोणाचं रक्त कसं आहे याची नोंदही तयार होते आहे. रीतसर समजावून, लेखी संमती घेऊन, चार-पाच मिलिलिटर रक्तावर दोन्ही नळ्या लावायच्या: एक रक्तद्रवाशिवाय, एक रक्तद्रवासह. कण बाजारातल्या बाटलीतले घ्यायचे आणि निकाल, तो कुणाच्याही बाजूचा असो, बाटलीच्या नावानिशी मराठीत जाहीर करायचा.